काढलेली नावं

“मावशीकडे नाव दिलं ना, की ते परत निघत नाही म्हणे,” मागच्या रांगेतली बाई म्हणाली. तिच्या शेजारची म्हणाली, “मग कशाला द्यायचं?”

कल्याणच्या एका हॉलमध्ये मंगलपरिणय होता. नवरामुलगा अजून यायचा होता. पंखे फिरत होते, पण वारा लागत नव्हता. माझ्या शेजारी अहिरे मावशी बसल्या होत्या, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. त्यांनी ते ऐकलं हे मला कळलं, कारण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. एरवी लग्नात त्या सारख्या मागे वळून बघायच्या, कोण आलं, कोणाबरोबर आलं. त्या दिवशी त्या समोरच्या फुलांच्या कमानीकडे बघत राहिल्या आणि थोड्या वेळाने मला म्हणाल्या, “जेवून घेऊ या का आपण? मग गर्दी होते.”

लग्न लागायच्या आधी जेवून घ्यायचं म्हणणाऱ्या मावशी मी कधी पाहिल्या नव्हत्या. मी मान हलवली. नाव का निघालं नव्हतं, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. मावशींनाही माहीत नव्हतं.

मावशी आंबिवलीला आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायच्या. आता तिथे दुसरं कुटुंब आहे. आमच्या समाजातल्या वधूवरांची यादी त्या ठेवायच्या, कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंतची. मंडळ नाही, पाटी नाही. विहारात रविवारी लोक भेटायचे, कोणीतरी आपल्या मुलीचा किंवा मुलाचा बायोडेटा त्यांच्या हातात द्यायचं, आणि त्या तो चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायच्या. घरी येऊन टाइप करायच्या. एका बोटाने, पण चुकत नसत.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी खोपटच्या एस.टी. डेपोत चौकशीच्या खिडकीमागे काढली होती, आणि ती खिडकी त्यांच्याबरोबर घरी आली होती. काहीही सांगायचं तर दोनदा सांगायच्या. “रविवारी साडेदहा. रविवारी साडेदहा.” विचारलं तेवढंच उत्तर द्यायच्या. कोणी म्हटलं, मुलगी गोरी आहे का, तर म्हणायच्या, फोटो आहे, बघा. एकदा उल्हासनगरचे एक गृहस्थ बराच वेळ खोदून विचारत होते, मुलगी शांत आहे ना, घरात नीट राहील ना. मावशी त्यांना म्हणाल्या, “गाडी कुठे जाते ते मी सांगणार. आत भांडणं होतील का ते प्रवाशांवर आहे.” गृहस्थ हसले नाहीत. बायोडेटा मात्र घेऊन गेले.

दुसरं एक त्या नेहमी म्हणायच्या. खिडकीत बसलेल्याने कुठे जायचंय ते विचारावं, का जायचंय ते विचारू नये.

अहिरे काका हे त्यांच्याहून जास्त पाळायचे. घरात कोणी बायोडेटा घेऊन आलं की ते उठून बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभे राहायचे. परक्या मुलींची माहिती आपल्या कानावर पडू नये म्हणून. पाहुणे दोन तास बसले तर काका दोन तास उभे. मी ऑफिसातून येताना ते बाहेर दिसले की समजायचं, आत कोणाचं तरी जमवणं चाललंय. “चालू आहे का?” मी विचारायची. “खिडकी उघडी आहे,” काका म्हणायचे.

मला मात्र त्या घरात सगळ्यात आवडायचं ते नाव काढणं. कोणाचं जमलं की मावशी फोन करून बोलवायच्या, आईवडिलांना नाही, मुलीला किंवा मुलाला. कॉम्प्युटरवरचा जुना दुपट्टा बाजूला करायच्या, फाइल समोर आणून ठेवायच्या आणि खुर्चीतून उठायच्या. “आपलं नाव आपल्या हाताने काढायचं.” मग ती मुलगी खुर्चीत बसून बटण दाबायची. मावशी विचारायच्या, “कचरापेटीपण रिकामी करू?” हो म्हटलं की तीही रिकामी. मग हातावर साखर. टिटवाळ्याची एक मुलगी बटणावर बोट ठेवून रडायला लागली, तेव्हा मावशींनी कॉम्प्युटरच बंद केला. “पक्कं नसेल तर आज नको. बटण कुठे पळून जात नाही.” ती चार दिवसांनी परत आली आणि तिने दाबलं. तिची लग्नपत्रिकाही आली. ज्यांची लग्नं होत त्यांच्या पत्रिका मावशी बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. झाकण लागत नव्हतं, त्यावर दोरी बांधलेली असायची.

या कॉम्प्युटरशी माझा संबंध आला तो आईमुळे. एका वर्षी नदीचं पाणी तळमजल्यात शिरलं आणि मावशींच्या वह्या भिजल्या. त्यानंतर टेबलाखाली विटा आल्या, टेबलावर भाच्याने दिलेला जुना कॉम्प्युटर आला, आणि तो बिघडला तर काय, ही चिंता आली. आई त्यांना म्हणाली, आमची श्वेता दिवसभर कॉम्प्युटरवरच असते, ती करून देईल. मला विचारलं नाही. मी ठाण्याला एका ऑफिसात ग्राहकांच्या तक्रारींना इंग्रजीतून उत्तरं लिहिते. दिवसाला साठ-सत्तर वेळा माफी मागते. ठरलेली वाक्यं आहेत, नाव बदलायचं आणि पाठवायचं. संध्याकाळी घरी आले की कोणत्याच भाषेत बोलावंसं वाटत नाही.

तरी एका संध्याकाळी गेले. एक बाहेरची डिस्क आणली होती. ती जोडली की यादीचा फोल्डर आपोआप तिच्यावर उतरेल अशी व्यवस्था मी करून दिली. मी म्हणत होते डिस्क कायम जोडलेली ठेवा, म्हणजे रोज आपोआप होईल. मावशींना ते पटलं नाही. सारखी वायर लावून ठेवली तर वस्तू दमते असं त्यांचं म्हणणं. शेवटी ठरलं की विहारातून आल्यावर रविवारी जोडायची, काम झालं की काढायची, आणि कपाटात साड्यांच्या घडीत ठेवायची. पुढे दर रविवारी त्या डिस्कवरचा निळा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत समोर बसून राहायच्या. मी म्हटलं, मावशी, तुम्ही बसायची गरज नाही, ते आपलं आपण होतं. त्या म्हणाल्या, “माणसं प्रवासात आहेत गं. ती पोचेपर्यंत उठायचं नाही.”

त्या पहिल्याच संध्याकाळी सेटिंगच्या पानावर एका ओळीपुढे रिकामी चौकट होती. कॉम्प्युटरवरून काढलेली फाइल डिस्कवरूनही काढायची का, असा त्या ओळीचा अर्थ. ऑफिसात आम्हाला शिकवलंय की तिथे टिक करायची नाही. चुकून काही काढलं गेलं तर परत मिळतं. मी टिक केली नाही. मावशी माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “मग काढलेली नावं तिकडूनही जातात ना?”

मला उत्तर माहीत होतं. पण ते मराठीत कसं सांगायचं ते सुचेना. माझी शाळा इंग्रजी, घरात मराठी, आणि या असल्या गोष्टींसाठी लागणारे शब्द माझ्याकडे मराठीत नव्हतेच. वाक्य जुळवायला लागले असते तर मध्येच अडखळले असते, त्यांनी पुन्हा विचारलं असतं, मी पुन्हा अडखळले असते. मी दमले होते. मी “हो” म्हणाले.

“जातात. बरं,” मावशी म्हणाल्या, आणि एकदाच म्हणाल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी स्नेहल त्यांच्याकडे एकटी आली. ती आमच्याच बिल्डिंगमध्ये वर राहायची, कल्याणला एका लॅबमध्ये रक्ताच्या नमुन्यांच्या काउंटरवर काम करते. यादीत तिचं नाव तिच्या वडिलांनी दिलं होतं. तिचं कुठे जमलं नव्हतं. तिला नाव काढायचं होतं, एवढंच. मी त्या दिवशी प्रिंटरची शाई बदलायला गेले होते. मावशींनी का म्हणून विचारलं नाही. दुपट्टा बाजूला केला, फाइल काढून दिली, उठल्या. स्नेहलने बटण दाबलं, कचरापेटी रिकामी करून घेतली. साखर द्यायची की नाही याचा मावशी क्षणभर विचार करत राहिल्या, मग दिलीच. स्नेहलने विचारलं, “पप्पांना काय सांगणार?” मावशी म्हणाल्या, “ते विचारतील तर सांगेन, नाव नाही. माझ्याकडे तुझं नाव आता नाही. नाही म्हणजे नाही.” स्नेहल पहिल्यांदाच हसली. जाताना त्यांच्या पाया पडली, आणि मावशींना पाया पडून घेणं आवडत नसे म्हणून त्यांनी तिला दंडाला धरून वर उचललं.

वडिलांनी विचारलंही. मावशींनी तेच सांगितलं, दोनदा. ते महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मावशींचं काही बिघडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दिवे सारखे जात-येत होते. अशाच एका दुपारी मावशींचा कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. आतली डिस्क गेली होती. नवी बसवली आणि साड्यांच्या घडीतली डिस्क जोडून मी सगळा फोल्डर परत आणला. मावशी समोर बसून होत्या. सगळं पोचल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि यादी खाली सरकवत गेल्या. “अगं, ही तर दोन मुलांची आई आहे,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, “हा दुबईला गेला, बायकोसकट.” मग त्या हसायला लागल्या. काकांना हाक मारली. “अहो, या जरा, सगळी गाडी माघारी आली.” काका बाहेरूनच म्हणाले, मला नको सांगू.

तेव्हा सांगता आलं असतं. हसत हसत सांगता आलं असतं. मावशी म्हणाल्या, “मीच रविवारी काहीतरी उलटं दाबलं असणार,” आणि मी तारा गुंडाळत राहिले.

तो पूर्ण आठवडा मावशींनी यादी साफ केली. त्यांची पद्धत त्यांच्यापुरती बरोबर होती. डब्याची दोरी सोडली, पत्रिका एकेक करून काढल्या, पत्रिकेवरचं नाव यादीत शोधलं, काढलं. पत्रिकांचे ढीग पलंगावर, सोफ्यावर. जेवायला काका उभ्या उभ्या. मी दोनदा मदतीला गेले. मी नाव वाचायची, त्या काढायच्या. मधेच थांबून एखादी पत्रिका हातात धरून ठेवायच्या आणि सांगायच्या, हिच्या लग्नात पोळ्या कमी पडल्या होत्या. सातव्या दिवशी डबा संपला. डोळे लाल झाले होते. त्या म्हणाल्या, “झालं. ज्यांची पत्रिका आली, ते सगळे गेले.”

स्नेहलची पत्रिका नव्हती.

पुढच्याच आठवड्यात डोंबिवलीच्या एका घरातून विचारणा आली, शिकलेली मुलगी हवी. मावशी एरवी एकेक फाइल उघडून, वाचून पाठवायच्या. त्या वेळी डोळ्यांत औषध घालत होत्या, आणि यादी आपण नुकतीच स्वतः तपासलीय हा भरवसा होता. पदवीधर मुलींचा फोल्डर त्यांनी एकदम पाठवून दिला. डोंबिवलीच्या लोकांनी बायोडेटावरच्या नंबरवर फोन केला. तो स्नेहलच्या वडिलांचा. त्यांना वाटलं मुलीनेच परत नाव दिलं. ते इतके खूश झाले की तिला न विचारता त्यांनी रविवारी पाहुण्यांना बोलावलं. स्नेहल ड्यूटीवरून आली तेव्हा सोफ्यावर सहा माणसं बसली होती.

ती संध्याकाळी मावशींकडे आली. मी तिथेच होते, कॉम्प्युटरच्या खुर्चीत. काका बाहेर जायला उठले, पण दारात ती उभी होती, म्हणून ते कपाटापाशी थांबले. स्नेहल ओरडली नाही.

“मी स्वतः दाबलेलं,” ती म्हणाली. “तुमच्यासमोर. तुम्ही म्हणालेलात, नाही म्हणजे नाही.”

“माझ्या हातून गेलं, बाळा.”

“पप्पांनी सांगितलं म्हणून पाठवलंत?”

आयुष्यभर लोकांना उत्तरं दिलेली बाई, पण नाव परत कसं आलं ते मावशींनाच माहीत नव्हतं. त्या फक्त म्हणाल्या, “नाही. यादी माझ्या घरातून गेली. चूक माझी.” स्नेहलने माझ्याकडे पाहिलंही नाही. का पाहील? मी कॉम्प्युटरवाली मुलगी होते. स्क्रीनकडे बघत होते.

त्यानंतर ते पसरलं. लोक वाईट बोलले असं नाही, थोडं कमी बोलायला लागले. विहारात मावशींच्या हातात कागद यायचे थांबले. कोणी म्हणे, वडिलांनी दबाव टाकला. कोणी म्हणे, वय झालं. मावशी कोणालाच काही समजावून सांगत नव्हत्या. विचारलं तर तेवढंच, यादी माझ्याकडून गेली. स्नेहलला त्यांनी बरेचदा फोन केला, तिने उचलला नाही. ती वडिलांशीही बोलत नव्हती. आमच्या जिन्यात ते दोघं एकमेकांना वाट देऊन पुढे जायचे, परक्यांसारखे.

कल्याणच्या त्या लग्नानंतर, त्या रात्री मी झोपले नाही वगैरे काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले, साठ-सत्तर लोकांची माफी मागितली. आठवड्याने मावशींनी मला बोलावलं. त्या आणि काका नाशिकला मुलाकडे जायचं म्हणत होते, कायमचं. कॉम्प्युटर इथेच कोणाला तरी देणार. त्याआधी यादी पुसायची होती. मी सगळा फोल्डर काढला, डिस्क जोडली, तीही पूर्ण पुसली. मावशी माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या, पहिल्या संध्याकाळसारख्याच.

“आता तिकडूनही गेलं ना?”

“हो,” मी म्हणाले. या वेळी ते खरं होतं.

“माझ्याकडून काय दाबलं गेलं असेल गं तेव्हा?” त्या म्हणाल्या. “मी इतकी बघून करायची.”

मी म्हणाले, माहीत नाही. त्यांनी कॉम्प्युटरवर दुपट्टा टाकला, कोपरे सारखे केले आणि म्हणाल्या, जायच्या आधी त्या पोरीला एकदा भेटायचंय, येतेस का बरोबर, गुडघा धरतो.

शनिवारी सकाळी आम्ही कल्याणला तिच्या लॅबवर गेलो. उपाशीपोटी आलेल्या लोकांची रांग होती. पुढे काचेची खिडकी, काचेला खाली अर्धगोल भोक, आत स्नेहल. मी मावशींना म्हटलं, बाकावर बसा, मी तिला बाहेर बोलावते. त्या म्हणाल्या, “कामावर आहे ती. खिडकीवरच्या माणसाला बाहेर बोलवायचं नसतं. रांगेत येतो म्हणावं.” आणि त्या खरंच रांगेत उभ्या राहिल्या, मावशी, जांभळ्या काठाची साडी, खांद्याला पर्स, एक हात भिंतीवर. पुढच्या माणसाने जागा द्यायची तयारी दाखवली तर नको म्हणाल्या. मी त्यांच्या मागे. वीस मिनिटं लागली असतील. मी वाक्य जुळवत होते. प्रत्येक वाक्य इंग्रजीत सुरू व्हायचं, आणि ते सगळं माझ्या ऑफिसातलं होतं. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कोण दिलगीर आहे ते त्या वाक्यात कुठेच नसायचं.

आमचा नंबर आला. स्नेहलने मान वर केली आणि तिचा हात पेनासकट थांबला.

मावशी भोकाजवळ वाकल्या. चौकशीला आलेली माणसं वाकतात तशाच.

“जास्त वेळ घेत नाही,” त्या म्हणाल्या. “यादी पुसली. सगळी पुसली. आम्ही मंगळवारी जातोय. तुझ्या वडिलांनी मला काही सांगितलं नव्हतं, एवढं लक्षात ठेव. त्यांच्याशी बोल. चूक माझ्या हातची होती, माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलं.”

मागून कोणीतरी म्हणालं, पुढे चला ना ताई. मावशींनी पर्स खांद्यावर सारखी केली, सांगायचं ते सांगून झालं तशा त्या बाजूला झाल्या, पुढच्या माणसासाठी जागा करून. त्यांचा चेहरा मला अजून तसाच दिसतो, अर्धा काचेकडे, अर्धा माझ्याकडे, निघायला तयार.

त्या जागेत मी गेले. भोक माझ्यासाठी खाली होतं, मीही वाकले. शब्द जुळवलेले नव्हते.

“मावशींनी नाही, मी,” मी म्हणाले. “त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, काढलेली नावं तिकडूनही जातात ना. मी हो म्हणाले. जात नव्हती. मला माहीत होतं.”